पाचचा फ्यूज

हिंगण्यापलीकडचा तलाव मे महिन्यात मागे सरकतो,
तशी दौलत शेंद्रेंची नावही रोज हातभर खाली येते.
आज ती चिखलावर तिरपी बसली होती
आणि मी तिच्या पोटात, डोकं फळीखाली,
दातांत टेस्टर धरून.

नाव पत्र्याची, मोटर ई-रिक्षाची.
सीताबर्डीत पाच वर्षं सवाऱ्या ओढलेली,
आता पाणी कापते.
रात्री जाळं काढायला समोर एक दिवा.
तो परवा मधल्या पाण्यात विझला.
"धूर निंगाला वो पोरी, लय नाही, एवढासाच,"
आणि काकांनी चिमटीनं धुराचं माप दाखवलं.

सापडलं. फळीच्या सांध्यापाशी
काळ्या टेपची एक गाठ, चिंचेच्या बोटकाएवढी.
इकडून बॅटरीची वायर, करंगळीइतकी जाड.
तिकडून दिव्याची, सुतळीहून बारीक.
बारकीला जाडीभोवती गुंडाळलं होतं
मांडवावर वेल चढवावी तसं,
सात वेढे, मोजले मी.
टेप सोलली तर आत तांबं हिरवं,
आणि वेढ्यांखाली पाण्याचा एक थेंब,
या उन्हातही न वाळलेला.

"कोणी केलं हे?"
"पोरानं."
एवढंच.
पोरगा चाकणला असतो, गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर.
तिथे म्हणे मशीन एका पाळीत
हजार जोड मारते.

मोमिनपुऱ्यात कय्यूमचाचांच्या दुकानात
मी वाइंडिंग शिकले, दोन वर्षं, चहा-पाण्यावर.
ते म्हणायचे, नाव म्हणजे घर नाही,
ती थरथरत असते, बांधून ठेवली तरी.
घरात डाग देऊन चालेल, पाण्यावर नको.
डाग कडक होतो, वायर हलती राहते,
आणि कडकपणा जिथे संपतो
नेमकी तिथेच ती तुटते.
जाडीला बारीक जोडायची तर बारकीला दुमड,
एकदा, दोनदा, नळी भरेपर्यंत.
जाडीचे केस कापू नको. जोड बसेल, पण खोटा.
आणि फ्यूज बारकीच्या मापाचा,
जिची सोसायची ताकद कमी, तिच्या.
जाडीचं काय, ती सगळं गिळून गप्प राहते.

तसंच केलं.
गांधीबागेतून आणलेली नळी,
एका तोंडानं रुंद, दुसऱ्यानं निमुळती.
पकड दोन्ही हातांनी दाबली, कट् वाजलं.
ओढून पाहिलं.
मग फळीला पाय लावून ओढून पाहिलं.
वरून स्लीव्ह, खालून लायटर,
कडेला डिंकाचा मणी आला, म्हणजे तोंड बंद.
वायरीला खाली थोडा झोळ ठेवला,
पाणी उतरलंच तर झोळापाशी गळून जाईल,
जोडापर्यंत चढायचं नाही.

बॅटरीपाशी काकांनी तीसचा फ्यूज लावला होता.
"मोठा लावला त घडी घडी उडत नाही नं."
"तो उडत नाही म्हणून तर वायर जळाली, काका."
दिव्याची वायर जिथून निघते तिथे मी पाचचा लावला.
ते बराच वेळ त्या पाचकडे बघत राहिले,
कोणी त्यांची ऐपत विचारल्यासारखे.

बटण दाबलं.
दुपारचे चार, तलावाचं पाणी पत्र्यासारखं तापलेलं,
दिवा लागला की नाही तेच कळेना.
काकांनी डोक्याचा दुपट्टा सोडला,
दिव्यावर धरला, आत डोकं घातलं
आणि आतूनच म्हणाले, "हाये."

जुनी गाठ मी चिखलात टाकणार होते.
"फेकू नोको. तांबं हाये, भंगारात जाईल."
चार ग्रॅमही भरलं नसतं.
मी काही बोलले नाही, हत्यारं पुसली,
मजुरी सांगितली दोनशे, नळीचे चाळीस वेगळे.
त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला.
नोटांबरोबर गाठही बाहेर आली.
नोटा माझ्याकडे आल्या,
ती परत आत गेली.