पाच मीटरवर तीन मिनिटं

लाउझित्सच्या या तळ्यावर लोक येतात
आणि विचारतात, चर्चची घंटा पाण्याखाली वाजते का.
कुठली घंटा?
ओल्शिन्का बुडालं नाही. उकरून नेलं,
कोळशावरची माती म्हणून,
बादल्यांच्या त्या अजस्र चाकानं.
चाकाच्या केबिनमध्ये माझा बाप होता,
कीतो नोवका. रात्रपाळी, भत्त्यासकट.

तळाशी अठ्ठावीस मीटर, सहा अंश.
हुडच्या कडेशी कपाळ ठणकतं.
फ्रीत्सो टॉर्च फिरवतो:
पंपाचा गंजलेला पाइप,
खाण बंद झाल्यावर, पाणी चढण्याआधी,
मधल्या चार वर्षांत घाईनं उगवलेले बर्च,
उभेच अजून, पांढरे.
मासा एकही नाही. पाणी आंबट आहे.
इथे आम्ही कधी राहतच नव्हतो.
इथे नुसतं जंगल होतं, माणसाच्या कितीतरी आधीचं,
काळं होऊन निजलेलं;
ते कुणाच्या तरी हीटरमध्ये जळून गेलं.

गाव वर होतं.
आता शिडाच्या होड्या फिरतात
त्यांच्याही दोन मीटर वर, हवेत:
बेकरी, शाळा, मार्यानाकाकूची भांडखोर बदकं.

आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, हा नियम.
आणि पाच मीटरवर थांबायचं, तीन मिनिटं,
रक्तातला नायट्रोजन निघून जाईपर्यंत.
बापानं जुना नकाशा पसरून
पेन्सिलीनं हिशोब करून दिलाय:
तू दोर धरून थांबतेस ना,
तिथे आपल्या आडाचा तळ.

मी लोंबकळते.
भिंत नाही, रहाट नाही, वर आभाळाची चकती नाही.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
इथे आड क्षितिजापर्यंत पसरलाय,
पोहराच कुठे दिसत नाही.
पंप थांबवले तेव्हा
जमिनीखालचं पाणी आपण होऊन घरी आलं.
आमच्यातलं तेवढंच परतलं.

दोन मिनिटं. एक.
फ्रीत्सो अंगठा वर करतो.

‘काठ खचतो, थांबू नका’
ही पाटी जर्मनमध्ये आहे, आमच्या सोर्बमध्येही;
तिला टेकून बाप बसलाय, थर्मास घेऊन.
काय दिसलं, विचारतो. दर वेळी विचारतो.
मी मास्क काढते, नाक पुसते.
गार होतं, म्हणते.

तो बराच वेळ झाकणात चहा ओततो.
‘उन्हाळ्यात लोणी सोडायचो आत,’ म्हणतो,
‘दोराला बांधून.’