बंदर नसलेला दिवस

आमच्या लोकमान्यनगरात पाणी एक दिवसाआड येतं,
पहाटे साडेचारला.
आधी नळ खोकतो, मग नुसतीच हवा,
मग येते नर्मदा.

हे तेव्हाच उठतात, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी.
चौतीस वर्षं जलूदच्या पंपांवर
यांनी एकच काम केलं:
समुद्राकडे निघालेल्या बाईला
हाताला धरून, घाट चढवून,
इंदूरला आणायचं.

जहाजाचं तिकीट शाल्मलीनं काढलं.
"बाबांनी एकदा तरी बघावं, पाणी कुठे जातं ते."
मुंबईहून निघालो. मधल्या एका दिवशी
कुठलंच बंदर नव्हतं.
छापील कागदावर त्या तारखेसमोर
फक्त एक शब्द: समुद्रात.

वाकणीस वहिनी अजून विचारतात,
"पण मग त्या दिवशी पाहिलंत तरी काय?"

साडेचारला हे उठले. सगळं जहाज झोपलेलं.
न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पाहिला. आला.
बंद केला, थोडं थांबून परत सोडला. तरी आला.
"प्रेशर चांगलं आहे," म्हणाले,
जरा हिरमुसलेच.

न्याहारीला यांनी खिशातून जीरावनाची पुडी काढली.
वाढणारा मुलगा मंगळूरचा, चौकस.
त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवली.
त्यानं चाटली, शिंकला, आणि दुसऱ्या दिवशी
पुन्हा आमच्याच टेबलाशी आला.

मी वरच्या मजल्यावर पट्ट्यापट्ट्यांची खुर्ची पकडली.
चपला काढल्या.
पाय कठड्यावर टाकले, चारचौघांत, बासष्टाव्या वर्षी.
कुणी काही म्हटलं नाही.
चहूकडे पाणी, आणि त्यातलं एक थेंबही
मला भरून ठेवायचं नव्हतं.

अकराच्या सुमारास जहाजानं भोंगा दिला.
मी मनात म्हटलं, अजून दोन झाल्या
की गॅस बंद करायचा.
मग एकटीच हसत बसले.

हे आले, कडेला टेकले.
बोटांवर काहीतरी मोजत होते,
ओठ हलत होते, दशलक्ष, दशलक्ष,
मग बोटं थांबली.
एका खलाशाला विचारलं, "भडोच कुठल्या अंगाला?"
त्यानं मोघम हात केला, उजवीकडे, मागे कुठेतरी.
यांनी आपली खुर्ची ओढत ओढत
तिकडे तोंड करून मांडली.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "म्हणजे उरलेली इथे येते."
मी पुस्तकातून मान वर केली तोवर
झोपले होते.
तोंड उघडं, चष्मा छातीवर,
वर-खाली, वर-खाली.
भर दुपारी झोपलेला हा माणूस
मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते.
जेवणाची वेळ टळली. उठवलं नाही.

संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा
यांच्या कपाळाची डावी बाजू लाल झालेली.
ती घरी येईपर्यंत सोलत राहिली.

हे मी वहिनींना कसं सांगू?
सांगते, "छान होतं. जेवण भरपूर."

आज पाण्याचा दिवस.
वैशाख आहे, गल्लीत पाच मोटरी एकदम घोंगावतात.
मी जागी झाले ती वरून ओघळणाऱ्या आवाजानं.
हे गच्चीच्या पायरीवर बसलेले, टॉर्च विझवून.
"अहो, टाकी भरली."
"ऐकतोय."
"वाहून चाललंय सगळं!"
"जाऊ दे. गटारातून कान्हेत जाईल,
कान्हेतून क्षिप्रेत, मग चंबळेत, यमुनेत..."
अंधारात बोट पूर्वेकडे करून म्हणाले,
"तिकडच्या समुद्राला पोचेल.
थोडं लांबून, एवढंच."

मी मोटर बंद करायला निघाले.
मग त्यांच्याशेजारी पायरीवर बसले,
दोनच मिनिटं,
पाय खालच्या ओल्या पायरीवर टाकून.