बारावी काच

तुमच्या काचा मी नोव्हेंबरात उघडल्या, ओनिसे.
देवदाराच्या पेटीत, रशियन वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या,
सन एकाहत्तरच्या हिवाळ्यातल्या.
वेधशाळेच्या तळघरात शेगडी पेटत नव्हती,
मी हातमोज्यांची बोटं कापून घेतली होती.

उजेडाच्या पेटीवर पहिली काच ठेवली
आणि वाटलं, कुणीतरी मेणकापडावर
चहाचे पेले टेकवून उठून गेलंय.
काळी वळी. एकात एक अडकलेली.
प्रत्येक वळ्याला चार ठिकाणी खाच,
कारण दुर्बिणीच्या तोंडाशी आडव्या चार पट्ट्या
तेवढा प्रकाश खातात.

संगणकाला ठिपके लागतात.
ठिपके दिले की तो चार-चार जुळवून बघतो,
अंतरांवरून ओळखतो आकाशाचा तुकडा,
जसा गावातला म्हातारा लांबूनच, चालीवरून
सांगतो हा कुणाचा मुलगा ते.
तुमची काच पाहून तो म्हणाला:
तारे आढळले नाहीत.
पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.
आणि नोंदवहीची ती पानं
उंदरांनी कधीच नेलेली.

मग शाळेतली भूमिती काढली.
वळ्यात दोन जीवा, जीवांचे लंबदुभाजक,
ते छेदतात तिथे टाचणीच्या टोकाएवढी खूण.
काठाकडची वळी अंड्यासारखी ओढलेली,
त्यांचा मध्य सरकतो, ती सोडून दिली.
एकतीस उरली.
एकतीस खुणा, जिथे काचेवर काहीच नव्हतं,
नुसती स्वच्छ काच.
तेवढंच दिलं त्याला.

चहा गाळेपर्यंत उत्तर आलं होतं.
विषुवांश पाच तास बावन्न मिनिटं,
क्रांती उत्तर बत्तीस अंश, तीस कला.
सारथी मंडलाचा दक्षिण कोपरा.
तुम्हाला सांगितलं होतं तिथेच होतात तुम्ही, ओनिसे,
केसभरही इकडे-तिकडे नाही.

अशा अकरा काचा.
अकराही रात्री वळ्याचा व्यास तोच, सव्वा मिलिमीटर.
थंडीनं नळी आखडली असती
तर चूक रोज वेगळी झाली असती.
ही रोज त्याच जागी येऊन बसलेली.
चारानं गुणलं: पाच मिलिमीटर.
पट्टी त्रेचाळीसवर लावायची,
तुम्ही अठ्ठेचाळीसवर थांबत होतात.
लाल दिव्यात
आठाचा तीन.

तुमची त्सिसाना अखालत्सिखेला असते, पडदे शिवते.
फोनवर बराच वेळ मशीनचाच आवाज.
मग विचारलं, "पगार परत मागणार का?"
नाही म्हटल्यावर मशीन थांबलं.
"आईलासुद्धा माहीत नव्हतं.
मी आठ वर्षांची होते.
घुमटाच्या पायऱ्या ते मोजत चढायचे,
सत्तावन्न.
मी मध्येच बोलले की खाली येऊन पुन्हा पहिल्यापासून."

बारावी काच मी शेवटी ठेवली होती,
तीही तशीच असणार म्हणून.
ठिपके. सुईनं टोचल्यासारखे.
संगणकाला चार सेकंदही लागले नाहीत
आणि उत्तर सारथीत नव्हतंच.
कृत्तिका. आमच्याकडे खोम्ली म्हणतात.
त्या हिवाळ्याच्या कामात खोम्ली कुठेही नव्हती,
कुणी मागितली नव्हती.
पाकिटावर पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात:
"पट्टी मी वाचली. त्रेचाळीस.
मग बाबा म्हणाले, आता कुठे बघूया, तू सांग."

आज कार्डं भरली.
विषुवांश, क्रांती, दिनांक.
दर्जा: अकरांवर "वापरण्याजोगी", एकीवर "उत्तम".
शेवटचा रकाना, धूसरतेचं कारण.
तिथे पेन जरा रेंगाळलं.
मग अकराही कार्डांवर लिहिलं: थंडी.
तळघरात होतीही तेवढी.