सातव्या मणक्यापासून

टोलमिनमध्ये, पुलाच्या अलीकडे, माझं दुकान.
पाटी नाही, ती मागच्या वादळात गेली.
आत अठ्ठावीस सॅक टांगलेल्या,
आणि कोपऱ्यात पिठाच्या जुन्या पिशव्या,
नदीतल्या पांढऱ्या गोट्यांनी भरलेल्या,
प्रत्येकी बरोबर दोन किलो.
रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.
खोटं बोलते ती.

ब्रेदा मंगळवारी आली, मी कुलूप काढत होतो तेव्हाच.
छत्तीस वर्षं तिने वरच्या वस्त्यांवर टपाल वाटलं.
माझ्या लग्नाच्या शुभेच्छा तिनेच आणल्या,
तीन वर्षांनी वकिलाचं पाकीटही.
दोन्ही वेळा म्हणाली, "तिलेन, सही कर इथे."

"ती निळी दे," तिने बोट दाखवलं.
रंग शेवटी, मी म्हटलं. आधी मान खाली घाल.
मान वाकवली की मागे बोटाला जो उंचवटा लागतो
तो सातवा मणका. टेपचं टोक तिथे.
आता हात कमरेवर ठेव, भांडायला उभी राहतेस तशी.
(हे तिला लगेच जमलं.)
अंगठे मागे एकमेकांकडे बघतात
त्या रेघेवर टेप संपते.
बेचाळीस सेंटिमीटर.
एवढी ताडमाड बाई, पण सगळी उंची पायांत गेलेली.
निळी तिच्या मापात येत नव्हती.
होती ती चिखलाच्या रंगाची.
"चिखल मला पुरेसा ओळखतो," ती म्हणाली,
तरी हात मागे केलेच.

चार पिशव्या भरल्या. जड ते पाठीला चिकटून,
हलकं बाहेर, नाहीतर सॅक मागे ओढते
हट्टी पोरासारखी.
मग आधी खांद्याचे पट्टे आवळायला गेली. सगळे तेच करतात.
नाही, म्हटलं, आधी कंबर कस.
पट्टा हाडावर बसू दे, पोटावर नाही.
आता खांदे सोड.
तिने खांदे सोडले, आणि तिच्या तोंडून
एक लहानसा आवाज आला,
कोणी खुर्ची पुढे केल्यावर येतो तसा.

डावा पट्टा मात्र बसेना.
आरशात पाहिलं तर डावा खांदा
बोटभर खाली.
"म्हणजे मी वाकडी?"
एवढी वर्षं पिशवी एकाच खांद्यावर, मी म्हटलं,
आणि डावा पट्टा बोटभर कमी केला.
ती काही बोलली नाही. आरशासमोरून हललीही नाही.

मग माळ्याच्या जिन्यावरून सात वेळा वर-खाली.
पाचव्या खेपेला वरूनच ओरडली,
"टपालाची पिशवी घरागणिक हलकी व्हायची.
शेवटच्या घरी पोचले की नुसता पट्टा उरायचा.
हिचं काय?"
मी विक्रेता आहे, काहीतरी गोड सांगायला हवं होतं.
जेवण संपेल, म्हटलं. पाणी संपेल.
पाऊस आला तर आणखी जड होईल.
बाकी आहे तेवढं राहील.
वर बराच वेळ पावलं वाजली नाहीत.
"आणि पत्ता कुणाचा नाही."
नाही.
"बरं."

पैसे मोजून दिले, सुट्टे माझ्याकडे नव्हते, सोडून दिले.
दार लावताना मला जाणवलं,
माझे आठ किलो गोटे तिच्या पाठीवर गेले होते.
हाक मारावी म्हणून बाहेर आलो.
पुलाच्या मध्यावर ती थांबली,
एकदा अंग हलवलं, पट्टा ओढला,
आणि घराकडे न वळता
वर क्रनच्या वाटेला लागली.
बूट साधेच होते, बाजारातले.

तीन आठवड्यांनी सकाळी दाराच्या फटीतून
चार पिशव्या आत पडलेल्या सापडल्या,
धुतलेल्या, घडी घातलेल्या,
वर रबरबँड, टपालाच्या गठ्ठ्याला लावतात तसलं.
गोटे नव्हते.
चिठ्ठीही नव्हती.

आज दुकान उशिरा उघडलं.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होतो,
पाय बधिर,
मोजून दोन दोन किलो.