पश्चिमेकडची तार

वॉटी गेडिस एकोणिसाव्या वर्षी या पुलाच्या तारा कातायला लागला.
कातणंच म्हणायचे ते, जणू लोकर.
खाली फोर्थची खाडी, शिसं ओतल्यासारखी.
चाक या काठावरून निघायचं, त्या काठाला लागायचं,
पेन्सिलीएवढी तार मागे सोडत.
ताण मात्र रात्री जुळवायचा,
दिवसा उन्हाने तार लांबते
आणि खोटं माप सांगते.

थोरला भाऊ फेरीबोटीवर दोर फेकायचा.
पूल उघडला, बोट बंद.
त्या रात्री दोघे एकाच टेबलाशी जेवले,
मीठ मागितलं नाही कुणी कुणाकडे.
पुढे वीस वर्षं भाऊ याच पुलावरून बसने कामाला गेला,
खिडकीची जागा टाळून.

आता शेजारी नवा पूल आहे, पांढरा.
मोटारी तिकडे गेल्या.
जुन्यावर बस, सायकली,
कुत्रं फिरवणारी माणसं, आणि वारा.

मी इथे ऐकायचं काम करते.
तारांच्या जुडग्याला आम्ही यंत्राचे कान लावलेत,
आत कोरडी हवा सोडतो, गंज थांबावा म्हणून.
तरी कधीतरी, मध्यरात्री बहुधा,
टक्.
एक तुटली.
तिचा भार उरलेल्या हजारो जणी वाटून घेतात,
पडद्यावर फक्त वेळ आणि जागा उमटते.

रविवारी वॉटीमामाला ते ऐकवलं.
"पुन्हा लाव," म्हणाला.
पुन्हा लावलं.
"कुठली बाजू?"
पश्चिमेची, उत्तर मनोऱ्याजवळ.
तो खुर्चीत मागे टेकला.
"ती डंडीच्या पोरांची.
घाई असायची त्यांना."