पर्याय क्रमांक एक

वडशाला घनश्याम दडमलच्या सेवा केंद्रात
माझ्या आधी सतरा जण.
भिंतीला टेकून बसले, मांडीवर फाईल,
फाईलीत रहिवासी, उत्पन्न, बारावीची गुणपत्रिका,
आणि जात पडताळणीची नुसती पावती.
प्रमाणपत्र गडचिरोलीला अडकलंय,
आज्याच्या शाळेच्या रजिस्टरात एक काना पुसट आहे म्हणून.

वहीच्या शेवटच्या पानावर कॉलेजं लिहिलीत,
पेन्सिलीनं, कारण क्रम रोज बदलतो.
कॉम्प्युटर सायन्स. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. आय.टी. डेटा सायन्स.
बा म्हणाला, "एकच नाटक असन हे.
आमी नाई का, कुरखेड्यात एका नावानं लावतो,
आरमोरीत दुसऱ्या."
बा झाडीपट्टीच्या नाटकांत लाईट सांभाळतो,
दिवाळी ते होळी रात्रभर जागा,
पावसाळ्यात लोकांचे ॲम्प्लिफायर उघडून बसतो.
मी हसले.
मग रात्री सगळे अभ्यासक्रम शोधून पाहिले:
पहिल्या वर्षाला अगदी तीच पुस्तकं.
बाला सांगितलं नाही.

खरा कॉम्प्युटर मी तीनदा हाताळलाय.
शाळेत संगणक कक्षाबाहेर चपला काढायच्या,
आत फुलाफुलांच्या कापडाखाली चार मशीन,
सर कापड उचलून दाखवायचे, परत झाकायचे.
बाकी सगळं मोबाईलवर.
तिथं महिरपी कंस दोन पानं आत लपलेला,
आणि काचेची भेग नेमकी ओळीच्या शेवटावरून जाते;
कितीदा तरी चूक भेगेत सापडली.
पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा मी गोठ्यात होते.
एक ते शंभरमधल्या मूळ संख्या
भराभर खाली उतरत गेल्या.
म्हशीशिवाय कोणी पाहिलं नाही.

माय रोवण्यावरून येते,
चिखलाचे हात कागदापासून लांब धरून विचारते,
"नागपूरच्या होस्टेलले फाटक हाय का?
रात्री कोन लावते?"
फीचं नंतर विचारते, हळू.
मामा म्हणतो चंद्रपूर वर लिही, तिथं आपली माणसं आहेत.
पऱ्ह्याची, रोवण्याची उपमा मलाही सुचली होती.
खोडली. पऱ्ह्याला कोणी पसंतीक्रम विचारत नाही.

घनश्यामदादा प्रत्येकाला बजावतो,
"पहिला पर्याय लागला तर तोच घ्या लागते, बरं.
मग रडाचं नाई."
तो स्वतः दोन सेमिस्टर शिकून परत आलाय.
का, ते कोणी विचारत नाही.

माझा नंबर लागला रात्री साडेआठला.
ओटीपी बाच्या मोबाईलवर,
बा मालेवाड्यात कोणाचा तरी भोंगा दुरुस्त करत,
आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ.
पहिला ओटीपी मेला. दुसराही.
तिसऱ्या वेळी बा टाकीवर चढला असावा,
फोनात नुसता वारा,
आणि वाऱ्यातून, सवयीनं,
"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.
चार, नऊ, शून्य, शून्य, दोन, सात.
मांगंपर्यंत आयकू येते का?"
केंद्रातले सगळे हसले.
येत होतं.

"पयला कोन्ता? बोल लवकर, सर्व्हर हाय तोवर."
वही उघडलीच नाही मी.
नागपूर, म्हटलं. कॉम्प्युटर सायन्स.
एवढ्या मोठ्यानं
की बाहेरच्या पाणीपुरीवाल्यानं मान वळवली.

पडद्यावर चक्र फिरत राहिलं.
मग प्रिंटर कण्हला, पावती आली,
शाई संपत आलेली,
मधून एक पांढरी रेघ,
आणि श्रीरामे या आडनावातलं
एक अक्षर गायब.
दादा म्हणाला, चालते एवढं, समजते त्यायले.
पुन्हा काढ, म्हटलं.
त्यानं शाईचा डबा काढून हलवला, परत बसवला.
मागं अजून नऊ जण उभे होते.
मी उठले नाही.
माहीत आहे मला,
असं एक अक्षर पुढं कोणाच्या नातीला लागतं.