हरवलेल्या वस्तूंची वही

मी तिकीटखिडकीत बसते.
पालेर्मोला येणारे सगळे एकच विचारतात:
तो पारंब्यांचा राक्षस कुठाय?
सरळ जा, म्हणते, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही.

त्याच्या पारंब्या जमिनीत शिरून खोडं झाल्यात,
मूळ कुठलं, फांदी कुठली, आता त्यालाही सांगता यायचं नाही.
लोक दोन खोडांच्या फटीत पोरं उभी करतात,
फोटो काढतात.

चाफ्यापाशी कुणी थांबत नाही.
चाफा काय, इथं गॅलरीगॅलरीत,
टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात, कान तुटलेल्या पातेल्यात.
पोमेलिया म्हणतात त्याला.
लेक सासरी निघाली की आई एक फांदी देते,
दागिने असोत, नसोत.
थंडीच्या तोंडाशी बायका अंडी जपून फोडतात,
टोक तेवढं उडवून,
आणि टरफल शेंड्यावर टोपीसारखं बसवतात
कोंब करपू नये म्हणून.

सिन्योरा आगातिना आली तेव्हा डिसेंबर होता.
चाकांच्या पिशवीत कुंडी,
कुंडीत कमरेएवढा निष्पर्ण चाफा,
अकरा फांद्या, अकरा टोप्या.
"एक ज्येष्ठ नागरिक," ती म्हणाली,
"आणि याचं अर्धं लागेल का?"

मग खिडकीच्या जाळीला तोंड लावून:
"माझ्या आजीनं चोरला होता. इथूनच.
कुंपणाच्या गजांतून हात घालून,
लग्नाच्या आदल्या रात्री.
तिच्या आईच्या घरी द्यायला फांदी नव्हती.
आता मी तोरिनोला चालले, मुलीकडे.
पाचवा मजला. गॅलरी नाही.
खिडकीतून दिसतात त्या खिडक्याच.
म्हटलं, ज्याचं त्याला देऊन टाकावं."

नुन्त्सियोला बोलावलं.
त्यानं हातमोजे काढले, नियम सांगितला:
बाहेरची माती आत येत नाही. कीड असते, बुरशी असते.
झाड आत घ्यायचं तर मूळस्थान लागतं, तारीख लागते,
गोळा करणाऱ्याचं नाव लागतं.

"मूळस्थान हेच," ती म्हणाली.
"तारीख आजीलाच ठाऊक.
गोळा करणारी, तीच."

नुन्त्सियोनं मान खाजवली.
आल्याचा रकाना आहे, म्हणाला, परतल्याचा नाही.

ती भांडली नाही.
बाग बंद होईपर्यंत बाकावर बसली,
एक संत्रं सोललं,
साल कोटाच्या खिशात ठेवली.
जाताना पिशवीची चाकं दगडांवर खडखडली,
येताना दबकून वाजली होती, आता नुसती पोकळ.
आवाजावरूनच कळलं मला.
हाक मारता आली असती.
मी चिल्लर मोजत होते.
दोनदा मोजली.

वहीत लिहिलं:
छत्री, काळी, एक काडी मोडकी.
लहान मुलाचा बूट, डावा.
चाफा. टोप्यांसकट.

वस्तू नव्वद दिवस ठेवायची असते.
माझ्या खोलीमागे दुपारचं ऊन येतं, तिथं ठेवलाय.
नुन्त्सियो रोज भिंतीची ओल बघायला येतो,
कुंडीकडे ढुंकूनही पाहत नाही,
फक्त जाताना त्याच्या हातातल्या झारीतून
थोडं पाणी सांडतं. रोज. त्याच जागी.

जानेवारीत गारा पडल्या. तीन टोप्या फुटल्या.
मला अंड्याचा वास सोसत नाही, लहानपणापासून.
तीन दिवस ऑम्लेट करून शेजारच्या पोराला घातलं.

मार्चमध्ये नव्वद दिवस भरतील.
'कोण घेऊन गेलं' हा रकाना कोराच आहे.
काल रात्री पुन्हा वारा सुटला होता.
येताना दोन अंडी घेतली आहेत,
एक आपलं असू द्यावं, जास्तीचं.